पंच फेस पर्शियन बोका : वर्षभरानंतरचा अनुभव (मुख्यतः उजव्या डोळ्याचा)

काल पुन्हा डोळ्याचं बिल भरून आले, म्हणून हे लिहायला बसले. पंच फेस म्हणजे नाक आत दबलेलं चपटं तोंड, डॉल फेस म्हणजे साध्या मांजरासारखं नाक बाहेर असलेलं. आमचा गुब्बू पंच फेस, क्रीम रंगाचा, इथेच नागपुरात एका घरगुती ब्रीडरकडून घेतलेला. त्याच्याकडे डॉल फेसची पिल्लंही होती, जवळजवळ निम्म्या दरात. नाक जितकं आत तितका भाव वर, असा त्या धंद्याचा हिशेब. मुलीला चपटंच हवं होतं.

तर डोळा. अश्रू वाहून जायला डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरणारी एक बारीक नळी असते. साध्या मांजरात ती निमूट आपलं काम करते. चेहरा पिढ्यानपिढ्या चपटा करत नेला की ती वाकडी होते, फारच चपट्या तोंडात तर वरच्या सुळ्याच्या मुळाखालून वळसा घेते. मग पाणी नाकात न जाता गालावर उतरतं आणि वाळलं की तपकिरी होतं. आमच्याकडे डावा डोळा बरा, उजवा अखंड वाहतो. सासूबाई म्हणतात, "काय गं याच्या सारख्या गंगा-यमुना!" एकटी यमुना आहे, पण असो.

रोज सकाळी पाणी उकळून कोमट करायचं, कापूस भिजवून घट्ट पिळायचा, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला एकदाच फिरवायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. नाकाशेजारच्या घडीत जो चिकट तपकिरी थर बसतो तो ओढायचा नाही, मऊ होईपर्यंत कापूस टेकवून धरायचा. नंतर कोरडं करायचं, नाहीतर तिथली कातडी लाल होते आणि वास येतो. चहा निवतो तोवर हे चालतं. संध्याकाळी पुन्हा. कापसाचा मोठा रोल किराण्याच्या यादीत साखरेच्या वर गेलाय.

दिवाळीनंतर एकदा तो डोळा मिटूनच बसला. डॉक्टरांनी रंगाची पट्टी डोळ्याला टेकवली, दिवे घालवले आणि निळा उजेड टाकला. बुबुळावर मुगाएवढा हिरवा ठिपका चमकला. व्रण. या जातीचे डोळे बाहेर आलेले असतात, पापण्या पुरत्या मिटत नाहीत, म्हणून पृष्ठभाग कोरडा पडतो आणि खरचटतो. दुर्लक्ष झालं तर तिथे काळा डागही धरतो आणि मग ऑपरेशन. त्यांनी बजावलं की घरातला उरलेला कुठलाही ड्रॉप घालायचा नाही. त्यात स्टेरॉइड असेल तर व्रण खोल जातो. हे एक वाक्य ऐकायला मोजलेली फी मात्र वसूल झाली.

ब्रीडरला फोन केला तर म्हणतो, "ताई, डोळ्यातून पाणी येतं म्हणजेच ओरिजिनल पंच फेस." दोषालाच ओळखपत्र करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. पैसे परत नाहीत, उपचाराला वाटा नाही, वर "तुम्ही कूलरसमोर ठेवत असाल" हे ऐकून घ्या.

होळीपर्यंत मला कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते की डोळा सोडला तर मांजर गुणी. पलंगाला नखं लावत नाही, रात्री ओरडत नाही, जेवतानाही शांत. दाणे जिभेच्या खालच्या बाजूने उचलतो, त्यामुळे खोल वाटी काढून पसरट ताटली दिली. मे महिन्याने मत बदललं. आपला पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि याच्या अंगावर रजई. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते दमलंय असं समजू नका, सरळ दवाखान्यात न्या. आमच्यावर ती वेळ आली नाही, कारण दुपारभर एसी चालू होता. वाळ्याच्या कूलरवर निभावणाऱ्या घरात बोक्यासाठी एसी! विजेचं बिल मी यांना दाखवलं नाही.

पावसाळ्यात गजकर्ण. दाट केसांच्या आत ते आधी दिसतच नाही, आणि पर्शियन त्याला चटकन बळी पडतात. कानामागे केस झडले तेव्हा कळलं, तोवर मुलीच्या दंडावर गोल चट्टा उठला होता. हे मांजरावरून माणसावर येतं. बुरशीचे बीजाणू चादरीत, गालिच्यात महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे औषध बोक्याला आणि सजा अख्ख्या घराला. केस पूर्ण उतरवले, तेव्हा कळलं की खाली बोका केवढासा आहे.

इतकं झाल्यावर हे लिखाण शिव्याशापांवरच संपणार होतं. पण मूत्रपिंडांबद्दल सांगायलाच हवं. पर्शियनांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. आईबापांपैकी एकाकडे तो दोष असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. एके काळी परदेशी तपासण्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पर्शियनांत तो सापडत होता. जनुक 2004 मध्ये सापडलं, तेव्हापासून गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी होते. गाठी जन्मापासून असतात, पण त्रास बहुधा सात-आठ वर्षांचं झाल्यावर दिसतो, म्हणजे तोवर त्या मांजराची पिल्लंही विकून झालेली असतात. आमच्या डॉक्टरांनी नसबंदीआधी सोनोग्राफी सुचवली. दहा महिन्यांपुढे गाठी असल्या तर त्यात भरवशाने दिसतात. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ! मी दवाखान्यातच पेढ्यांची गोष्ट काढली.

म्हणून नवं घेणाऱ्यांनी डोळ्याआधी हे विचारा : आईबापांची मूत्रपिंडाची चाचणी झालीय का, कागद दाखवा. लस दिली, जंताचं औषध दिलं, हे सगळेच सांगतात. या प्रश्नावर बहुतेक जण विषय बदलतील. आणि डॉल फेसच घ्या, स्वस्त पडतं.

रिपोर्टचा फोटो मुलीने स्टेटसला टाकला. तासाभरात ब्रीडरचा फोन, व्रणाच्या वेळी हात झटकले होते तोच. "ताई, क्लीन रिपोर्ट आहे, मेटिंगला द्या ना. एक पिल्लू तुमचं." त्याला सांगितलं, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. ते नीट पार पडलं. जखमेने काही त्रास दिला नाही. त्रास दिला गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कॉलरने, कारण उजव्या डोळ्याचं पाणी त्यात साचायचं आणि पुसायला आत बोट जात नव्हतं.