बिअरमधलं यीस्ट खाली बसवायचंय: जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड की एप्सम सॉल्ट?

इंदूरला मायक्रोब्रुअरीत नवीन लागलेली नाहीतर मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट करणारी मुलं हे हमखास विचारतात. एप्सम सॉल्ट आधीच बाजूला ठेवा. त्यातलं मॅग्नेशियम यीस्टला लागतं खरं, पण ते माल्टमधूनच (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) भरपूर मिळतं, वरून आणखी घातलं तर चव बिघडते.

पेशी एकमेकींना चिकटवून गुठळ्या खाली बसवण्याचं खरं काम कॅल्शियमचं. यीस्टच्या भिंतीवर फ्लॉक्युलिन म्हणून प्रथिनं असतात, ती शेजारच्या पेशीवरची मॅनोज साखर धरतात, पण कॅल्शियम असेल तरच. पटत नसेल तर खाली बसलेलं यीस्ट ईडीटीएच्या (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) द्रावणात ढवळून बघा, गुठळ्या सुटून सगळं दुधासारखं एकसारखं होतं, मग ते नीट धुऊन कॅल्शियम क्लोराइडचे थेंब टाका आणि नळी हलकेच हलवत राहा, आधी बारीक कण दिसतात मग झरझर खाली जातात. हलवणं महत्त्वाचं, पेशी एकमेकींना भिडल्याच नाहीत तर चिकटणार कशा!

आता जिप्सम की क्लोराइड? कॅल्शियम दोन्हींत आहे, यीस्टला काही फरक पडत नाही, फरक चवीत. जिप्समच्या सल्फेटने हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडूपणा उठून येतो, क्लोराइडने माल्टचा भरीवपणा. 10 लिटरला 1 ग्रॅम जिप्सम म्हणजे साधारण 23 पीपीएम (लिटरला 23 मिलिग्रॅम) कॅल्शियम, क्लोराइडचं 27च्या आसपास. जिप्सम विरघळायला कंटाळा आणतं, आणि क्लोराइडचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला की पाणी सुटतं, मग वजनाचा काही भरवसा नाही. आयपीए म्हणजे हॉप्स जास्त असलेली कडू बिअर असेल तर मी जिप्सम घेईन, बाकीला क्लोराइड.

पण आधी पाणी तपासा. बोअरिंगचं पाणी जड असलं तरी उकळल्यावर बरंचसं कॅल्शियम पांढरा थर होऊन भांड्याला बसतं, म्हणून नुसता हार्डनेसचा आकडा फसवतो, नर्मदेच्या पाण्याचाही रिपोर्ट घ्याच. आरओत कॅल्शियम जवळजवळ उरतच नाही. सॉफ्टनरचं तर नकोच, त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, आणि ते फार झालं की गुठळ्या होण्यात उलट आडवं येतं.

50 ते 100 पीपीएम पुरे, त्याच्यावर घालून यीस्ट काही लवकर बसत नाही. बहुतेक एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं) माल्टोज ही माल्टमधली साखर संपत आल्याशिवाय गुठळ्या करतच नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी गढूळ दिसलं म्हणून आणखी जिप्सम किंवा क्लोराइड ओतू नका. आणि जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर करत असाल तर यासाठी पैसे घालवूच नका, ते यीस्ट मुळातच गुठळ्या कमी करतं आणि ती बिअर गढूळच पितात.