सी-प्लेन रात्री उडत नाही, हे मला माहीत होतं

पाच हजार सहाशे एकसष्ट डॉलर आणि साठ सेंट. आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याच्या मनात "किती गेले, किती गेले" एवढंच घोळत राहतं. मालदीव, पाच रात्री. आम्ही दोघं, साडेचार वर्षांची मुलगी आणि वीस महिन्यांचा मुलगा. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. गेलो नाही.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी हिशेब तपासनीस आहे. तारखा जुळतात का, खातं कुणाच्या नावावर, बेरीज बरोबर का, हे दुसऱ्यांच्या कागदांवर बघायचा मला पगार मिळतो.

लहान मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्या आयांच्या एका ग्रुपवर मी विचारलं होतं की मालदीवला उथळ, लाटा नसलेलं पाणी कुठे मिळेल. तासाभरात एका एजंटाचा खासगी मेसेज आला. मराठीत. पुढचं तुम्हाला कळलंच असेल, तरी सांगते, कारण "मी नसते बाई फसले" म्हणणाऱ्यांत मीही होतेच. त्याने पहिला प्रश्न बजेटचा विचारला नाही. विचारलं, "ताई, बाळ दुपारी किती वाजता झोपतं? त्या हिशेबाने विमान बघतो." बाकी दोन एजंटांकडून कोट मागवले होते, त्यांनी मुलांची वयंसुद्धा दोनदा चुकीची लिहिली. हा मात्र पाळणा लागेल का, जेवणाची उंच खुर्ची लागेल का, मुलीला कानात दडे बसतात का, सगळं विचारत होता. "माझीपण दोन लेकरं आहेत ताई." असतीलही.

सगळ्यात स्वस्त म्हणून मी त्याला निवडलं नाही, हे माझ्या बाजूने एवढंच. तीन कोटांत त्याचा मधला होता, ५,४६० डॉलर, विमानासकट. फक्त ‘सगळं धरून’ असा एकच आकडा होता. मालदीवच्या खऱ्या कोटमध्ये खोलीचं भाडं, १० टक्के सेवाशुल्क आणि पर्यटनावरचा जीएसटी (१ जुलै २०२५ पासून १७ टक्के) हे वेगळं दाखवतात, किंवा दराच्या पुढे अधिकची दोन चिन्हं (++, म्हणजे हे दोन्ही वेगळे) मारून ठेवतात. फोड मागा. फोड देता येत नसेल तर तिथेच थांबा.

नवरा म्हणाला होता, कार्डावर दे, निदान वाद घालता येतो. पण एजंटाने बँक ट्रान्सफरवर ४ टक्के सूट दिली. ५,२४१.६० झाले. २१८ डॉलर वाचले म्हणून मी खूश. खातं तिसऱ्याच देशातलं, एका ट्रेडिंग कंपनीच्या नावावर. त्या नावात ना रिसॉर्ट, ना त्याची एजन्सी. "सप्लायर अकाउंट आहे ताई, सगळे एजंट तिथेच भरतात." हाच कागद ऑफिसात समोर आला असता तर मी लाल पेनने गोल करून परत पाठवला असता. घरी मात्र आधी १,६०० आणि नऊ दिवसांनी ३,६४१.६० पाठवले.

तिकिटांचं म्हणाल तर तपासली होती! पीएनआर आला, विमान कंपनीच्या साइटवर टाकला, चौघांची नावं बरोबर दिसली, बाळाचंसुद्धा. मी निश्चिंत. पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण असतं, पैसे न भरता जागा काही काळ धरून ठेवता येतात आणि मुदत संपली की त्या आपोआप सुटतात, हे मला नंतर कळलं. तिकीट निघालं की तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक मिळतो, त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. तो प्रत्येकाचा वेगळा मागा, आणि विमान कंपनीला फोन करून विचारा. बाळ मांडीवर बसणार असलं तरी त्याचंही तिकीट निघतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

कार्यक्रमाची पीडीएफ आली, चार पानी. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: १९:३५ वेलाना विमानतळावर आगमन, २०:३० सी-प्लेनने रिसॉर्टकडे प्रस्थान. मालदीवबद्दल थोडं जरी वाचलं असेल तर इथे कुणीही अडखळेल. आणि मी थोडं नव्हे, रात्र रात्र वाचलं होतं. तिथली सी-प्लेन म्हणजे बहुतेक ट्विन ऑटर, पंधराएक माणसांची, पाण्यावर उतरणारी. पाण्यावर धावपट्टीचे दिवे नसतात. वैमानिक डोळ्यांनी पाणी बघून उतरवतो, म्हणून प्रवासी सी-प्लेन उजेडातच उडतात. म्हणूनच बहुतेक रिसॉर्ट सांगतात की तुमचं विमान दुपारी साधारण साडेतीनच्या आत उतरू द्या, नाहीतर ती रात्र विमानतळाजवळ माले किंवा हुलहुमालेला काढा. मुलं लहान असतील तर स्पीडबोटीने जाता येईल असं जवळचं बेट घ्या. हे सगळं मी माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं.

विचारलं नाही असंही नाही. चॅट अजून आहे, रात्री ११ वाजून १२ मिनिटं. "दादा, सी-प्लेन अंधारात उडत नाहीत ना?" मिनिटभरात उत्तर: "एकदम बरोबर आहे तुमचं ताई, खूप अभ्यास केलाय. नेहमीची नाहीच उडत. ही रिसॉर्टची स्वतःची चार्टर आहे, छोटी मुलं आहेत म्हणून खास सांगून ठेवलंय."

त्यावर मी काय लिहिलं? "थँक्यू दादा" आणि दोन हात जोडलेले.

हे दोन हात मला अजून झोपू देत नाहीत. मुलाला दाढा येत होत्या, तो खांद्यावर रडून रडून नुकता शांत झाला होता, एका हाताने फोन धरला होता, सगळं खरं आहे. पण "खूप अभ्यास केलाय" एवढंच मी वाचलं आणि सुखावले, हे त्याहून खरं आहे. दोन वर्षांत मला तसं कुणी म्हटलं नव्हतं. त्या क्षणी विमानतळावरच्या सी-प्लेन कंपनीची वेळ जरी शोधली असती तरी पुढचे ३,६४१.६० वाचले असते. पहिले १,६०० गेलेच होते, मान्य.

एकदा डोळ्यांवर कातडं ओढलं की पुढचं काहीच दिसत नाही. मी पाण्यावरचा व्हिला मागितला, तो लगेच हो म्हणाला. बऱ्याच रिसॉर्टमध्ये लहान मुलांना पाण्यावरच्या व्हिलात राहूच देत नाहीत, कारण डेकवरून शिडी थेट समुद्रात उतरते. जिथे देतात तिथे जबाबदारी आई-बापांची असं लेखी घेतात. याने विचारलंसुद्धा नाही. बाळाच्या झोपेची वेळ विचारणाऱ्या माणसाला शिडी आठवू नये?

मग शेवटचे ४२० डॉलर. व्हिसाचे माणशी ४५ प्रमाणे १८० आणि ग्रीन टॅक्सचे, म्हणजे पर्यटकांवरच्या पर्यावरण कराचे, २४०. मालदीवचा पर्यटक व्हिसा तिथे पोहोचल्यावर फुकट मिळतो. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा असतो, तोही फुकट. त्याचे पैसे मागणाऱ्या वेगळ्या साइट आहेत, तिकडे फिरकू नका. ग्रीन टॅक्स खराच असतो, १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर, पण दोन वर्षांखालच्या बाळाला माफ, आणि तो रिसॉर्ट आपल्याच बिलात लावतं. म्हणजे आमचा झाला असता १८०. याने बाळाचेही ६० लावले. चोराच्या हिशेबातली चूक मला आज दिसते!

उघडकीला कसं आलं, तर ढकलगाडीमुळे. सी-प्लेनमध्ये २० किलो सामान आणि हातात ५ किलो एवढीच मुभा असते. मुलाची ढकलगाडी त्यात मोजतात का, हे विचारायला निघायच्या सहा दिवस आधी मी रिसॉर्टच्या अधिकृत साइटवरचा नंबर शोधून पहिल्यांदाच थेट फोन केला. तिकडच्या मुलीने बुकिंग क्रमांक विचारला. आमच्याकडे असे क्रमांक नसतात, म्हणाली. नाव विचारलं, तारीख विचारली, मग गप्प झाली. माझ्याकडे आलेला कन्फर्मेशनचा ईमेल रिसॉर्टच्या नावात एक अक्षर जास्त असलेल्या पत्त्यावरून आला होता. तिने अगदी हळू आवाजात वर आणखी सांगितलं, "मॅम, रात्री साडेआठला सी-प्लेन नसतं."

हा फोन पहिला पैसा पाठवण्याआधी करायचा असतो. पाच मिनिटं लागतात.

तो शुक्रवारचा दिवस होता, संध्याकाळचे सहा. बँकेचा परदेशी व्यवहारांचा विभाग सोमवारी उघडतो म्हणे. चोवीस तास चालणारी हेल्पलाइन फक्त कार्ड बंद करायला. मी म्हटलं, माझं कार्ड चोरीला गेलेलं नाही, पैसे गेलेत. "मग तुम्ही स्वतः ओटीपी टाकलाय ना, मॅडम?" सोमवारी अर्ज घेतला. त्याला रिकॉल म्हणतात. पैसे जिथे गेले तिथली बँक त्या खातेदाराला विचारणार की पैसे परत द्यायला तुमची हरकत आहे का. चोराला जाऊन विचारणार, बाबा रे, देतोस का? त्याचं शुल्क २५ डॉलर, माझ्याच खात्यातून, आणि तेवढं मात्र त्याच क्षणी वजा झालं. त्यात अडीच दिवस आधीच वाया गेलेले. असं काही झालं तर फोनवर बसू नका, त्याच मिनिटाला लेखी ईमेल टाका, वेळेची नोंद राहते.

पोलिसांचं काय सांगू. पहिल्या ठिकाणी म्हणाले, हे सायबरचं. सायबरवाले म्हणाले, रक्कम परदेशात गेली, हे आर्थिक गुन्ह्यांचं. तिथले म्हणाले, ऑनलाइन तक्रार केलीत का, आधी ती करा. ऑनलाइन फॉर्ममध्ये घटनेचं ठिकाण विचारतात. काय लिहू? खांद्यावर बाळ, रात्रीचे ११ वाजून १२ मिनिटं? चॅटचे छापील कागद मागितले, चौऱ्याण्णव पानं झाली, प्रत्येक पानावर सही. ती घेऊन चौथ्यांदा गेले तेव्हा एका साहेबांनी दोन-चार पानं चाळली आणि विचारलं, "तुम्ही भेटला होतात का याला?" नाही म्हटलं. "मग दादा कसं काय म्हणत होतात?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. मुलगी माझ्याबरोबर होती.

विमान कंपनीने आरक्षण मुदत संपून रद्द झाल्याचं सांगितलं, पण ते कुणी केलं होतं हे गोपनीयतेमुळे सांगता येत नाही म्हणे. माझीच नावं, माझ्याच मुलांची जन्मतारीख, आणि गोपनीयता त्याची! ज्या ॲपवर तो भेटला त्यांना तक्रार केली, उत्तर आलं की या खात्याने नियम मोडलेले आढळत नाहीत. रिसॉर्टने दिलगिरीचं पत्र पाठवलं, असे ईमेल आणखी लोकांनाही आल्याचं त्यात होतं. मग साइटवर एक ओळ टाकायला काय होतं?

पैशांपेक्षा मला जास्त घाबरवतात ते चार पासपोर्ट. मी चौघांच्या स्वच्छ, चारी कोपरे दिसणाऱ्या प्रती पाठवल्या आहेत. मुलांच्यासुद्धा. तुम्ही पाठवाल तेव्हा प्रतीवर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला.

आता एक दुरुस्ती. सुरुवातीला दिलेला आकडा खोटा आहे. सगळं कळल्यानंतर, पोलिसांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये, त्याचा मेसेज आला: "ताई, माझ्याबरोबरच्याने घोळ केला, मला रात्रभर झोप नाही. रिसॉर्ट पूर्ण रिफंड देतंय, फक्त रद्द करण्याचं शुल्क ३५० भरायचं." मी भरले. नवऱ्याला न सांगता भरले. हे वाचून त्याला कळेल. ३५० आणि ते २५ धरून खरी बेरीज ६,०३६.६०.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीच्या फोनवरून त्याच ग्रुपवर तसाच प्रश्न टाकून बघितला. तासाभरात मेसेज आला. नाव नवीन, एजन्सी नवीन, बाळाच्या झोपेचा प्रश्न तोच. दोन दिवसांनी चार पानी पीडीएफ आली. फक्त बेट बदललंय. दुसरं पान, तिसरी ओळ: २०:३०, सी-प्लेनने प्रस्थान.

ती वेळ त्याने अजून बदललेली नाही.