हाफ मास्कचे आठ महिने: फिल्टरआधी व्हॉल्व्ह तपासा

थ्रीएम कंपनीचा ६२०० हाफ मास्क, म्हणजे नाक-तोंड झाकणारा मास्क (हे मध्यम माप, लहान ६१००, मोठा ६३००), आठ महिने फर्निचरच्या कामात रोज वापरात आहे. एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) सँडिंगला धूळ अडवणारा गुलाबी २०९१ फिल्टर, थिनरच्या कामाला वाफ शोषणाऱ्या कोळशाची काळी ६००१ कार्ट्रिज. फवारणी असेल तर ६००१ वर ५एन११ प्री-फिल्टर (थेंब अडवणारी चकती) आणि ती धरून ठेवणारं ५०१ चं झाकण हवंच. कार्ट्रिजमधला नुसता कोळसा फवाऱ्यातले रंगाचे थेंब अडवत नाही.

रोज काम संपल्यावर आतून ओल्या फडक्याने पुसलं की भागतं. आठवड्यातून एकदा मात्र पूर्ण सोडवून धुवायचा. आधी फिल्टर काढून बाजूला. त्यांना पाणी लागता कामा नये. मग पुढचं झाकण, पट्टे आणि व्हॉल्व्ह: श्वास आत घेण्याचे दोन, सोडण्याचा एक. पाणी कोमट, ४३ अंशांच्या आत. भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब आणि मऊ टूथब्रश. 'हात मऊ ठेवणारा' साबण नको, त्यातल्या तेलाने रबर खराब होतं. निर्जंतुक करायचा तर १ लिटर पाण्यात १ मिली साधं ब्लीच, दोन मिनिटं, आणि लगेच भरपूर पाण्याने खळबळून धुवायचा. पॉलिशचे डाग थिनरने पुसायचा मोह होतो, पण तेवढ्याने कडा फुगते आणि मास्क चेहऱ्यावर नीट बसत नाही.

खरी गोम बाहेर सोडण्याच्या व्हॉल्व्हमध्ये. लाळ आणि एमडीएफची पिठी मिळून त्याच्या बसायच्या जागेवर खळीसारखा थर धरतो. व्हॉल्व्हची पातळ चकती केसभर उचलली गेली की श्वास घेताना धूळ तिथून आत येते, आणि दोष मात्र फिल्टरला जातो. चकती उजेडासमोर धरून बघा. कड वळली किंवा चिरली असेल तर सरळ बदला, सुटी मिळते. परत बसवताना ती सपाट बसली पाहिजे.

वाळवायचा सावलीत, पंख्याखाली. पावसाळ्यात रात्रभर लागते. घाईने ओलाच जोडला की आतून कुबट वास येतो.

कारखान्यात सर्रास दिसतं ते म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर 'साफ' करणं. त्याने तंतू फाटतात. फिल्टर धुवायचा नाही, झाडायचा नाही. श्वास जड झाला की फेकायचा. ६००१ चं गणित वेगळं: उघडी राहिली तर शेल्फवरही ती वाफ शोषत राहते, दमट हवेत कोळशाची ताकद घटते. म्हणून काम संपताच झिपच्या पिशवीत. मास्कसुद्धा डब्यात ठेवावा. पट्ट्यांनी खिळ्याला टांगला की पट्टे ताणून सैल होतात.

दर वेळी घातल्यावर पुढच्या झाकणावर तळवा ठेवून हलकेच श्वास सोडा. मास्क किंचित फुगला आणि कडेने हवा गेली नाही तर ठीक. दाढीचे खुंट असतील तर सील होणारच नाही, पट्टे कितीही आवळा.

टू-के पीयूच्या (दोन भाग मिसळून वापरायचं पॉलियुरेथेन पॉलिश) हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. 'वास आला की कार्ट्रिज बदलू' हा हिशेब तिथे लागू नाही, कारण वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्या फवारणीला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच घ्या.