सांगलीतील एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांचे कार्यालय : पक्षकाराच्या बाजूने परीक्षण

वकिलांना स्वतःच्या कामाची जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठरवली आहे. म्हणजे निवड करताना हाती माहिती नसते आणि निवड चुकली तर ग्राहक आयोगाचे दारही बंद असते. तासगाव तालुक्यातील आम्ही काही द्राक्षबागायतदारांनी २०२५ च्या हंगामातील फसवणुकीच्या प्रकरणात ज्या वकिलांची सेवा घेतली, तिच्याविषयी लिहावेसे वाटले ते यामुळेच. हा मजकूर जाहिरात ठरू नये म्हणून त्यांचे नाव दिलेले नाही. विजयनगरच्या जिल्हा न्यायालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचे कार्यालय आहे, एवढे पुरे.

प्रकरण आमच्या भागातील माणसाला नव्याने सांगण्यासारखे नाही. परराज्यातील एक व्यापारी आला, विसार दिला, पहिल्या काही गाड्यांचे पैसे रोख चुकते केले, पुढच्या मालाला धनादेश दिले, आणि हंगाम संपता संपता भाड्याची खोली रिकामी करून गेला. पोलिसांत गेल्यावर ही दिवाणी बाब आहे, असे ऐकायला मिळाले. ते उत्तर तेव्हा आम्हाला टाळाटाळ वाटले होते. पण व्यापारी व्यवहारातून आलेल्या तक्रारीत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येते, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१३ मध्ये म्हटले आहे, हे वकीलसाहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितले आणि पोलिसांवर चिडून उपयोग नाही, असेही बजावले.

या कार्यालयाचे खरे मोल त्या पहिल्या बैठकीत आहे, असे माझे मत झाले. आमच्यातील सर्वांत वडीलधारे गृहस्थ हिशोबाची वही उघडून बुडालेल्या रकमा सांगू लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना थांबवून एकच विचारले, "तात्या, पैसे बुडाले हे कळलं. हा माणूस पहिल्या दिवशी खोटं बोलला होता का, तेवढं सांगा." त्या वेळी तो प्रश्न उद्धट वाटला. परंतु फसवणुकीचा गुन्हा ठरण्यासाठी व्यवहाराच्या प्रारंभीच हेतू खोटा होता हे दाखवावे लागते. नंतर पैसे देता आले नाहीत किंवा दिले नाहीत, एवढ्यावर तो उभा राहत नाही. मग पुढचा सगळा वेळ त्या दृष्टीने गेला: आधारकार्डावरचा पत्ता खरा होता का, धनादेश लिहिला त्या दिवशी खात्यात किती रक्कम होती, माल पुढे कोणाला आणि किती दराने विकला, खोली सोडण्याची सूचना घरमालकाला कधी दिली. यातील निम्म्या गोष्टी आमच्याकडे होत्या, पण त्या पुरावा आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आम्ही बरोबर नेलेल्या तक्रारीच्या मसुद्यात फसवणुकीबरोबर विश्वासघाताचेही कलम घातलेले होते. ते त्यांनी काट मारून काढले. विश्वासघात ठरायला माल विश्वासाने सोपवलेला असावा लागतो. माल विकला म्हणजे तो सोपवला असे होत नाही, आणि एकाच वस्तुस्थितीवर फसवणूक आणि विश्वासघात हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी केलेला १९९९ चा राज्याचा कायदा लावून व्यापाऱ्याची मालमत्ता जप्त करावी, असाही आमच्यातील एकाचा आग्रह होता. आपण द्राक्षे विकली, ठेव म्हणून ठेवली नव्हती, या एका वाक्यात त्यांनी तो विषय संपवला. जास्त कलमे लावली म्हणजे तक्रार वजनदार होते, हा आपल्याकडचा समज किती पक्का आहे, हे ज्याने गावात अर्ज लिहून घेतला असेल त्याला माहीत आहे.

त्यांची कारकीर्द आम्हाला तुकड्यातुकड्यांनीच कळली. न्यायालय राजवाडा परिसरात होते त्या काळी त्यांनी एका ज्येष्ठांच्या हाताखाली जामीनअर्ज लिहिण्यापासून सुरुवात केली, काही वर्षे सहायक सरकारी वकील म्हणून काम केले, आणि नंतर पतसंस्थांच्या प्रकरणांत आरोपी संचालकांची बाजू मांडली. हे शेवटचे कळल्यावर आमच्यातील दोघांना त्यांच्याकडे जाणे पटत नव्हते. मला मात्र त्यातच लाभ दिसला. साक्षीची वेळ येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी कार्यालयातच आमची उलटतपासणी घेतली. "मागच्या हंगामातही याच माणसाला उधार माल दिला होता ना? तेव्हा पैसे उशिरा आले, तरी तक्रार केली नाही ना?" असे ते विचारू लागल्यावर समोरची बाजू या सगळ्याला चालू उधारीचे रूप देणार, हे आम्हाला दिसू लागले आणि मागील हंगामाच्या हिशोबपट्ट्या शोधण्याचे काम त्याच संध्याकाळी सुरू झाले. व्हॉट्सअ‍ॅपवरील हिशोब आणि वजनाच्या पावत्यांची छायाचित्रे मोबाईलमधील असा पुरावा न्यायालयात देताना नव्या साक्ष अधिनियमानुसार लागणाऱ्या दोन भागांच्या प्रमाणपत्रासह तयार करून घेण्याचे कामही त्यांच्या ज्युनिअर वकिलांनी नीट केले.

धनादेशांच्या बाबतीत मिळालेला सल्ला सर्वांत किफायतशीर ठरला. धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस पोहोचल्यानंतर पैसे देण्यासाठी १५ दिवस सोडावे लागतात. आमच्यातील एकाचे ते ३० दिवस उलटून गेले होते. साहेबांनी धनादेशावरची तारीख पाहिली. तो बँकेत भरण्याची तीन महिन्यांची मुदत अजून शिल्लक होती. तो पुन्हा बँकेत भरायला लावला, पुन्हा परत आला, आणि नोटिशीची मुदत नव्याने सुरू झाली. २०१५ च्या दुरुस्तीमुळे हा खटला धनादेश जमा करणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात चालतो. त्यामुळे व्यापाऱ्याच्या गावी खेटे घालण्याची वेळ आली नाही आणि काम तासगावलाच दाखल झाले.

आता उणिवा. आपण मोठा वकील दिला म्हणजे तोच न्यायालयात उभा राहून बोलेल, अशी फिर्यादीची समजूत असते. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात बाजू मांडतो तो सरकारी वकील. फिर्यादीच्या वकिलाने त्याला साहाय्य करायचे असते आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा असतो. ही गोष्ट फी ठरवतानाच सांगायला हवी होती. ती आम्हाला फार पुढे समजली. फीविषयी एकूणच संदिग्धता आहे. सुरुवातीची रक्कम स्पष्ट असते, परंतु टंकलेखन, नकला, कारकुनाचा खर्च, उच्च न्यायालयाच्या कामासाठी कोल्हापूरचा प्रवास हे पुढे वाढत जाते, आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. वसुलीच्या टक्केवारीवर फी घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. नियमांनुसार ते योग्यच आहे.

साध्या तारखांना ज्युनिअर येतात, आणि त्यांपैकी एकाला प्रकरणाची माहिती आमच्यापेक्षा कमी होती. दुपारी फोन उचलला जात नाही. संध्याकाळची वेळ सातची दिली असली तरी बसायला मिळेपर्यंत तासगावची शेवटची गाडी चुकते की काय, अशी धास्ती असते. बोलणे तुटक आहे. वयस्कर माणसाला ते लागते.

आरोपीच्या अटकपूर्व जामिनाला विरोध करताना मात्र ते स्वतः उभे राहिले आणि सांगलीत तो अर्ज फेटाळला गेला. पुढचा अर्ज कोल्हापूरला गेला. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. जामीन देताना पैसे भरून घ्यावेत, असे आम्हाला वाटत होते. फौजदारी न्यायालय हे वसुलीचे कार्यालय नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा अटींवर नापसंती दाखवली आहे, असे सांगून त्यांनी तशी आशा ठेवू दिली नाही. पुढे व्यापाऱ्याच्या नातलगांनी काही धनादेशांची रक्कम आणून दिली. उरलेली अडकलेलीच आहे.

ज्यांचा व्यापारी ओळखीचा आणि ठावठिकाण्याचा आहे आणि हाती नुसता न वटलेला धनादेश आहे, त्यांनी इथे येऊ नये. ते काम तालुक्याच्या न्यायालयातील कोणताही नेटका वकील कमी पैशांत करील. ज्यांची फसवणूक अनेकांची मिळून झाली आहे, आरोपी फरार आहे आणि कागद विस्कळीत आहेत, त्यांनी अवश्य यावे. मात्र येताना हिशोबपट्ट्या, बँकेचे उतारे आणि मूळ मोबाईल सोबत आणावा, आणि फीचे आकडे त्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावेत.