उभा पंप की आडवा? कोपरखैरण्यातल्या सोसायटीचा अनुभव

आमची इमारत सात मजली, भूमिगत टाकी तळघरात आणि पंपरूम इतकी अरुंद की आडव्या मोनोब्लॉकभोवती (मोटर आणि पंप एकाच जोडणीत असलेला पंप) पाना फिरवायलाही जागा नव्हती. त्याच्या जागी उभा मल्टिस्टेज पंप बसवला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मेंटेनन्समध्ये नोकरी केल्यामुळे दोन्ही प्रकार मी हाताळलेत, म्हणून लिहितो.

उभ्याची खरी ताकद त्याच्या रचनेत आहे. एकाच शाफ्टवर एकावर एक इंपेलर (पाणी ढकलणारी फिरती चाकं) असतात आणि प्रत्येक टप्प्यात दाब वाढत जातो. गच्चीवरची टाकी, पाइपांतलं घर्षण धरून आम्हाला साधारण ३० मीटर हेड (पाणी चढवण्याचा दाब, उंचीत मोजलेला) लागतं. ते हा पंप लहानशा जागेत आरामात देतो. शिवाय मोटर वरच्या टोकाला! पावसाळ्यात पंपरूममध्ये घोटाभर पाणी साचतं, तेव्हा या उंचीचं मोल कळतं.

पण गाळ त्याला अजिबात सोसत नाही. टाकी वर्षानुवर्षं न धुणाऱ्यांनी आडवाच घ्यावा. तो उघडायलाही सोपा, कुठलाही जाणता फिटर सील (शाफ्टपाशी गळती रोखणारा भाग) बदलून देतो. उभ्याची मोठी दुरुस्ती असेल तर मोटर सरळ वर उचलावी लागते, म्हणून छताला हुक आणि चेन ब्लॉकपुरती (वजन उचलायची साखळी-कप्पी) उंची आधीच बघा.

टाकी पंपाच्या खाली असेल तर दोन्हींना फूटव्हॉल्व्ह (ओढनळीच्या तळाशी, पाणी परत खाली न जाऊ देणारी झडप) लावून आधी पाणी भरावंच लागतं, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरपलीकडून पाणी ओढलं जात नाही.

आमच्या जागेसाठी उभाच योग्य. पाचपैकी साडेचार.