प्रीमियर पद्मिनीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट : वर्षभर वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. किट (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या जुन्या यांत्रिक भागांच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) चांगलं आहे, मी ते काढणार नाही. पण तुमची पद्मिनी आज सकाळी चालू झाली नाही म्हणून तुम्ही किट मागवायला निघाला असाल, तर जरा थांबा. बंद पडलेली गाडी या किटनं चालू होत नाही. चालू होणारी गाडी रोज तशीच चालू होत राहावी, एवढ्यासाठी ते आहे. हा फरक विकणारे सांगत नाहीत, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

गाडी १९७८ ची, साताऱ्यात असते. हे मॉडेल मूळचं फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायचं, १९७४ पासून नाव प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्सचा कार्बोरेटर, स्टिअरिंगला गिअरचा दांडा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिन्या २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, पण घरगुती गाड्या अजून बऱ्याच जणांनी जपल्यात. आमची आठवड्यातून दोन-तीनदा गावात फिरते, अधूनमधून वाई-महाबळेश्वर, कधी पुणं. म्हणजे शोभेची नाही आणि रोजची टॅक्सीही नाही. हे सांगायचं कारण, जी गाडी दोन-दोन महिने झाकून ठेवलेली असते तिचे पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) गंजतात, तिला किटचा फायदा जास्त. आणि जिच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये (पॉइंट ज्यात असतात आणि जो ठिणगी एकेका प्लगला वाटतो, त्या भागात) मेस्त्रीचा हात दर महिन्याला जातो, तिला कमी.

किटची गरज का पडली, ते कळायला पॉइंट काय करतात ते माहीत हवं. चावी फिरवली आणि पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून (व्होल्टेज वाढवणाऱ्या वेटोळ्यांमधून) करंट वाहत असतो. आमच्या कॉइलचा प्रायमरी रोध ३ ओहमच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ४ अँपिअर. कॅमच्या (डिस्ट्रिब्यूटरच्या फिरत्या दांड्यावरच्या) उंचवट्यानं पॉइंट उघडले की हा करंट तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होऊन ते रोटरमार्गे (दांड्यावर फिरणाऱ्या वाटपाच्या तुकड्यातून) प्लगला जातात. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं कॅडिलॅकसाठी ही पद्धत बसवली, आणि पद्मिनीपर्यंत ती मूळ कल्पनेत फारशी बदलली नाही. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात हे उघडणं-मिटणं सेकंदाला १०० वेळा होतं. त्यात पॉइंटची फायबरची टाच झिजते, फट कमी होते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे सरकतं. तुम्ही काही केलं नाही तरी गाडी हळूहळू बिघडत जाते. किट बसवलं की पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा डबा) दोन्ही निघतात. कॅमवर चुंबकाची एक कडी बसते आणि पॉइंटच्या जागी, करंट तोडायला, छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. घासणारं काही उरत नाही.

माझ्याकडे मात्र दुखणं वेगळंच होतं. सेल्फ मारला की इंजिन छान फिरायचं, पण पकडायचं नाही. गरम झाल्यावर बंद केली तर हमखास. मी किट आणून ठेवलं होतं. आमचे मेस्त्री जुने आहेत, त्यांनी खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "साहेब, आधी करंट कुठं मरतोय ते बघू. मग तुमचं खोकं उघडू."

त्यांची पद्धत इथं देतो, कारण किटपेक्षा याचाच उपयोग जास्त लोकांना होईल. पहिलं, बॅटरी. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. दुसरं, चावी चालू करून कॉइलच्या प्लसला मीटर लावायचा. तिथं बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी दिसला तर चावीचा स्विच किंवा मधला एखादा जोड करंट खातोय. तिसरं, कॉइलच्या मायनस टोकाला टेस्टर बल्बची एक वायर, दुसरी अर्थला (इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला), आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. बल्ब लुकलुकला तर पॉइंट काम करताहेत. नुसता पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही करंट पुढं जात नाही. पेटलाच नाही तर उघडत नाहीत, कुठंतरी अर्थ होतोय किंवा कॉइलपर्यंत करंटच पोचत नाही. चौथं, डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपच्या (झाकणाच्या) मधली जाड वायर काढून तिला जादा प्लग जोडायचा, प्लगचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि ठिणगी बघायची. निळी, टणक, आवाज करणारी हवी. इथं ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, तर गुन्हेगार रोटर, कॅप किंवा प्लगच्या वायरी. चारही ठिकाणी सगळं ठीक आणि तरी गाडी पकडत नाही, तर पेट्रोलकडे वळायचं.

आमचा बल्ब नुसता पेटून राहिला. कॅप उघडली, पॉइंट मिटताना दिसत होते. मेस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटरच्या टर्मिनलपासून पॉइंटकडे जाणारी ती बोटभर वायर चिमटीत धरली आणि अलगद ओढली. ती ताणली गेली. तांबं ताणलं जात नाही. वरचं वेष्टन शाबूत, आतल्या तारा मात्र तुटून हिरव्या पडलेल्या, दोन-तीनच धागे कसेबसे टेकून होते. थंड असताना टेकायचे, गरम झाल्यावर सुटायचे. वायर बदलली, गाडी पहिल्या सेल्फला चालू. खर्च म्हणाल तर चहाचाच जास्त झाला.

त्याच वेळी पॉइंट भिंगातून बघितले. एका बाजूला खड्डा, समोरच्या बाजूला टोक. एकीकडचा धातू उडून दुसरीकडे जमतो, तेव्हा बहुतेक वेळा कंडेन्सरची क्षमता चुकलेली असते. आणि तो कंडेन्सर नवा होता, पुण्याच्या नाना पेठेतून आणलेला, सीलबंद पाकिटातला. कंडेन्सरच्या बाबतीत नवा माल म्हणजे चांगला माल, हे गणित आता राहिलेलं नाही. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, हीच तक्रार ऐकाल. मी किट बसवायचं शेवटी ठरवलं ते यामुळे. पॉइंट घासून-पुसून चालवता येतात, कंडेन्सर मात्र दुकानदाराच्या भरवशावर.

बसवायला अर्धी दुपार लागली. पॉइंटची प्लेट काढायची, मॉड्यूल बसवायचं, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला, कॅमवर कडी दाबायची, रोटर परत बसवायचा. टायमिंग पुन्हा लावावंच लागतं, त्यात आळस करू नका. टायमिंग लाइटखाली फरक लगेच दिसला. पूर्वी पुलीवरची खूण थरथरायची, डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट थोडा सैल असल्यामुळे पॉइंटची फटच दर फेरीला बदलायची. आता खूण जागेवर उभी राहते. आयडलिंग एकसारखं झालं, सिग्नलला थांबल्यावर पायानं रेस देत बसावं लागत नाही. मायलेज वाढतं असं पाकिटावर छापलंय. मला काही फरक दिसला नाही, आणि आधी पॉइंट नीट लावलेले असतील तर दिसायचं कारणही नाही.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. साताऱ्यात पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो. सेल्फ मारत राहिलं तर काही नाही, आणि चावी सोडली रे सोडली की त्या क्षणी इंजिन एकदा फुरफुरायचं. कधी त्याच फुरफुरीवर चालू व्हायचं, कधी नाही. हे लक्षण नीट लक्षात ठेवा. सेल्फ मारताना ठिणगी नाही, सोडताना आहे, याचा अर्थ सेल्फ चालू असताना कॉइल-मॉड्यूलला पुरेसा व्होल्टेज मिळत नाहीये. पॉइंट हा साधा स्विच आहे, ८ व्होल्टवरही तो मरतुकडी का होईना ठिणगी देतो. मॉड्यूलमध्ये सर्किट आहे. ठरावीक व्होल्टेजच्या खाली ते गप्प बसतं.

किट पुरवणाऱ्यांना फोन केला. "बॅटरी बदला" हे उत्तर मिळालं, पुढचा प्रश्न ऐकायच्या आत. बॅटरी नवी होती. मग मीटर घेऊन बसलो. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांत १०.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. कॉइलच्या प्लसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत ८.४. दोन व्होल्टहून अधिक वाटेत गेले. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी ब्लॉकवर ठेवून पुन्हा सेल्फ मारला, तर १.९. तिथं पाव व्होल्टच्या वर काही दिसायला नको. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी वरून बरी दिसत होती, नटाखाली मात्र रंग आणि गंज. बायकोनं आदल्याच दिवशी विचारलं होतं, "अहो, चोकची केबल गरम का लागते हो?" उत्तर तिथंच होतं. अर्थची पट्टी कामातून गेली की सेल्फचा करंट मिळेल त्या धातूतून परत जातो, त्यात चोकची केबलही आली. नवी पट्टी, दोन्ही टोकांना पत्रा चकचकीत घासून, वर थोडं ग्रीस. त्यानंतर थंडीत एकदाही कुरकुर नाही.

मेमध्ये पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटात ट्रकमागे अडकून गाडी बंद पडली, तेव्हा सोबतच्या सगळ्यांनी किटलाच शिव्या दिल्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात जादा प्लग असतोच. लावला, निळी ठिणगी. म्हणजे इग्निशनचा संबंध नाही. पेट्रोल पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाकलं, बॉनेट उघडं ठेवून थांबलो, गाडी चालू झाली. उष्णतेनं पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, तो प्रकार. किट असो नसो, हा होणारच.

पावसाळ्याबद्दलही तेच. कॅपमध्ये ओल शिरली की पॉइंट काय आणि मॉड्यूल काय, करंट ओल्या वाटेनं पळतो. कॅप काढून आत कोरड्या फडक्यानं पुसा आणि उजेडात धरून बघा. दोन टोकांमध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती पुसून जाणार नाही, कॅप बदला. मधला कार्बनचा खडा स्प्रिंगवर आत-बाहेर होतो ना, तेही बघा. आमच्याकडे जुना उपाय चालू आहे: रबरी हातमोजा. पाच बोटांची टोकं कापायची, चार बोटांतून प्लगच्या वायरी, अंगठ्यातून कॉइलची, आणि मोजा कॅपवर ओढून घ्यायचा. दिसायला विचित्र, पण महाबळेश्वरच्या पावसात टिकतो.

आता तक्रारी. सोबत आलेला कागद इंग्रजीत, तोही अर्धवट. तांब्याच्या गाभ्याच्या जुन्या प्लग वायरी चालत नाहीत, मॉड्यूल त्यांच्यातून उठणाऱ्या विजेच्या खरखरीनं गोंधळतं, ती दाबणाऱ्या कार्बनच्या सप्रेशन वायरी लागतात. हे त्यात कुठंही नव्हतं, वायरींचा खर्च वेगळा धरा. इंजिन बंद ठेवून चावी चालू, गाणी चालू, असं करू नका, कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतात. बॅटरीची टोकं उलटी लागली तर मॉड्यूल संपलं. ठिणगी बघायला वायर नुसती हवेत धरून सेल्फ मारू नका, प्लग लावूनच मारा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पॉइंट मरायच्या आधी आठवडाभर सांगतात. मिसिंग होतं, गाडी ओढत नाही, सकाळी उशिरा पकडते. मॉड्यूल सांगत नाही, जातं ते जातंच, आणि रस्त्यावर कुणी ते दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून काढलेली पॉइंटची प्लेट, एक तपासलेला जुना कंडेन्सर आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर मी गाडीतच ठेवलाय. पॉइंटची फट मोजायला फिलर गेज (ठरावीक जाडीची पट्टी) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालतं, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर भरतं, घरापर्यंत यायला तेवढं पुरे. सरावासाठी एकदा अंगणात किट काढून पॉइंट बसवून बघितले, वीसेक मिनिटांत जमतं.

मागवणार असाल तर गाडीचं मॉडेल सांगून मागवू नका. इतक्या वर्षांत कुणी कुठला डिस्ट्रिब्यूटर बसवला असेल त्याचा भरवसा नाही. कॅप काढा, अंगावर ठोकलेला नंबर वाचा, आतला फोटो काढा, रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते बघा आणि हे सगळं पाठवूनच किट मागा. कॉइलचा रोध मोजून तोही कळवा. किटला किमान किती ओहम लागतात ते विचारा, त्याहून कमी असेल तर कॉइलही बदलावी लागेल. एवढ्या पैशांत पॉइंट-कंडेन्सरच्या बऱ्याच जोड्या येतात, तेव्हा मेस्त्री शेजारीच असणाऱ्यानं घ्यायची घाई करू नये. अर्थच्या पट्ट्या मात्र किट घेणाऱ्यानं आणि न घेणाऱ्यानं, दोघांनीही आजच काढून घासून घ्याव्यात.