कुत्रं अंगण उकरतंय: जाळी की वाळूचा खड्डा?

एप्रिल-मे महिन्यात कुत्रं नेमकं जास्वंदीच्या बुडाशी उकरून पोट टेकून बसतं, कारण खालची माती गार असते. डॅशहुंड असेल तर विचारूच नका. बिळातल्या शिकारीसाठीच जर्मनीत ही जात घडवली गेली.

कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाफ्यात दोन-तीन इंच खाली पुरली की नखं अडतात आणि कुत्रं तिथला नाद सोडतं. काम एका दुपारचं. पण कडा खाली दुमडल्या नाहीत तर तारेची टोकं पंजात घुसतात. शिवाय उकरायची हौस तशीच राहते. आज गुलाब वाचला तर उद्या अळू जातं.

वाळूच्या खड्ड्याला धीर लागतो. सावलीत साधारण तीन बाय पाच फूट जागा, दीड फूट खोल. सुरुवातीला त्याचं खेळणं, बिस्किट अर्धवट पुरून ठेवायचं; तिथं उकरलं की शाबासकी, वाफ्यात उकरलं की न ओरडता उचलून इकडे आणायचं. पावसाळ्यात मात्र त्याचं डबकं होतं, आणि झाकलं नाही तर शेजारची मांजरं त्याचा संडास करतात.

तरी माझं मत खड्ड्यालाच. जाळी फक्त कुंपणाच्या तळाशी आणि नव्या रोपांभोवती. मिरचीपूड टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, नाकाडोळ्यांची आग होते बिचाऱ्याच्या.